ती उडाली नाही

माझ्या भिंगाचा स्क्रू देवबागच्या खाडीत पडला. राईएवढा स्क्रू, गुडघाभर चिखल, आणि वर फेब्रुवारीचं ते कोवळं, गुलाबी ऊन… मी आधी स्क्रूला शिव्या घातल्या, मग भिंग विकणाऱ्याला, आणि शेवटी कांदळाच्या मुळांना, ज्यांचा बिचाऱ्यांचा काहीएक संबंध नव्हता. मग तशीच, पायांना चिखल घेऊन, रिक्षात बसून मालवणच्या बाजारात आले.

"घड्याळवाले खंय बसतत ओ?" मी एका म्हाताऱ्या सोडावाल्याला विचारलं. त्याचं नाव बाबली, हे नंतर कळलं.

त्याने माझे पाय बघितले. "बाजूकच. पण बाये, आधी पाय तरी धू!"

मी कसली धुतेय! तरातरा शिरले आत.

दुकान कसलं, बोळच तो. भिंतभर घड्याळं, प्रत्येकाची टिकटिक वेगळी, आणि त्या टिकटिकीच्या मधोमध एक मुलगा टेबलावर वाकलेला. त्याने मान वर केली. एका डोळ्यात घड्याळजींचं ते काळं नळीवजा भिंग तसंच अडकवलेलं, त्यामुळे तो माझ्याकडे एकाच डोळ्याने बघत होता. पण बघत होता हं… नीट.

"बोला मॅडम."

"भिंगाचा स्क्रू पडला. बसवून द्या. घाई आहे."

"एवढ्याशा भिंगातून बघता काय तुम्ही?"

"माश्या."

हे ऐकलं की लोक दोन पावलं मागे सरकतात. हा पुढे झाला. "बघू?"

मी पिशवीतून काचेची कुपी काढून दिली. तांदळाच्या दाण्याएवढी माशी, लांब पायांची. त्याने कुपी उजेडाकडे धरली, आणि बोटांत सावकाश फिरवली.

"हिरवी आहे," तो हळूच म्हणाला. "आणि त्या हिरव्यावर सोनं शिंपडल्यासारखं. आम्ही उगाच हिला हाकलतो."

आता मला सांगा, इतक्या वर्षांत माझ्या माशीला सुंदर म्हणणारा हा पहिला माणूस. पण मी घाईत होते ना!

"तुम्ही करता काय यांचं?" त्याने विचारलं.

"पकडते, मारते आणि ओळखते."

"म्हणजे दिवसभर माश्या मारता."

"हो."

"मीपण," तो अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला. "मोबाईल आल्यापासून माझाही तोच धंदा."

मला हसू फुटलं. त्याने डोळ्यातलं भिंग काढलं, आणि मग तोही हसला. दोन्ही डोळ्यांनी.

"स्क्रू उद्या देतो. तोवर हे वापरा." त्याने स्वतःचंच भिंग माझ्या हातावर ठेवलं.

गिऱ्हाइकाची केवढी काळजी, असं माझ्या मनात आलं. खरंच, एवढंच आलं!

*

मी अक्षया. घर कसालला, पण कामासाठी मालवणात सुशीलामावशीकडे राहत होते. मावशी मासळीबाजारात बसते. माझा विषय तिला समजावून सांगितला त्या दिवशी तिने कपाळावर हात मारला होता. "आमचो जल्म गेलो माशी हाकलण्यात, आणि ह्या चेडू माशी हुडकत फिरता! ह्येचा लगीन कसा होतला, रे देवा!"

माझ्या माश्यांचा वंश थिनोफिलस. नावाचा अर्थ, जिचा किनाऱ्यावर जीव आहे ती. किनारा सोडून कुठे जायची नाही. ओहोटीला, म्हणजे आमच्या सुकतीला, ओला चिखल उघडा पडला की त्यावर येऊन बसते, पाणी चढायला लागलं की निघून जाते. हे सगळं मी प्रीतमला सांगितलं. हो, प्रीतम. स्क्रूसाठी इतक्या वेळा "उद्या या" झालं की नाव कळलं, बाबलीकाकांच्या कोकम सोड्याची चव कळली, आणि "मॅडम"चं कधी "अक्षया" झालं ते मात्र कळलं नाही.

"पण एकीपासून दुसरी ओळखायची कशी?" एकदा त्याने विचारलं.

"पाय बघायचे. नर ओळखणं सोपं असतं. कोणाच्या पायाला काटे, कोणाच्या पायाला झालर. आणि शेपटाच्या टोकाला जे असतं ते तर प्रत्येक प्रजातीचं वेगळं, कुलूप-किल्लीसारखं, म्हणजे…"

हे मी भरल्या वर्गात न अडखळता सांगते. त्या बोळात का कोण जाणे, पुढचं वाक्य सोड्याबरोबर गिळलं.

"आणि माद्या?" त्याने चिमट्याशी खेळत विचारलं.

"माद्या सगळ्या सारख्या! चार प्रजाती एकाच चिखलावर नांदतात, आणि चौघींच्या माद्या ओळीत ठेवल्या तरी कोण कुठली ते सांगता येत नाही."

"मग नराक कसा कळता?" बोलता बोलता तो मालवणीवर आला होता. गिऱ्हाइकाशी तो मालवणी बोलत नसे. हेही माझ्या ध्यानात आलं नाही.

"त्याला कुठे कळतं! तो बापडा जी समोर दिसेल तिच्यापुढे नाचतो. पुढचा पाय उचलतो, पंख हलवतो. कळतं ते तिला. आपला नसेल तर भुर्रकन उडून जाते."

"आणि आपलो आसलो तर?"

"तर… उडत नाही."

"बस? इतक्याच?"

"इतकंच. मान डोलवत नाही, पंख हलवत नाही. जागची हलत नाही, हाच तिचा होकार."

त्याने हातातला चिमटा खाली ठेवला. मग म्हणाला, "नाचणाऱ्याचे हाल आसत गो."

मग मी त्याला माझी खरी अडचण सांगितली. त्या चार नरांतला एक, पुढच्या पायावर चंदेरी ठिपका असलेला, शास्त्राला अजून ठाऊकच नाही. त्याला नाव नाही. पण संशोधनातले माझे सर म्हणतात, नुसता नर पुरेसा नाही, मादीही हवी. आणि चौघींतली त्याची कुठली, हे सांगायला एकच पुरावा चालतो. दोघं एकत्र पकडायची, जोडीने. जोडी मिळाली तर आणखी दोन वर्षं याच किनाऱ्यावर काम मिळणार होतं. नाही मिळाली तर जूनमध्ये कोलकाता. तिथल्या संग्रहालयातल्या जुन्या पेट्या उघडायच्या, आणि कोणीतरी कधीतरी मारलेल्या माश्या लावत बसायच्या.

"मग पकड की जोडी."

"मिळेल तर ना! माश्या शोषून घ्यायच्या नळीने ओढायला गेलं की एक हाती लागतो आणि दुसरी पसार होते. मोसमभर हेच चाललंय."

"कलकत्ता…" तो म्हणाला. "लांब पडता."

"पडणारच."

"थंय सुकती असता?"

"पेटीत कसली आलीय सुकती!" मी म्हटलं, आणि मला एकदम भरून आलं. खाडीकाठची ती सकाळ, चिखलावर पसरलेलं आभाळ, पलीकडून येणारी होडीची हळू फटफट… हे सगळं सोडून जायचं होतं. तो बघत होता.

*

त्यानंतर भिंतीवर एक नवीन घड्याळ आलं. नवीन कसलं, जुनंच. लंबकाचं, शिसवी पेटीचं, ठोके देणारं. आणि चुकीचं! दुकानातली सगळी घड्याळं दहा म्हणायची तेव्हा हे सात. दुसऱ्या दिवशी आणखी मागे, तिसऱ्या दिवशी त्याहून मागे.

"हे घड्याळ मागे पडतंय," मी म्हटलं.

"पडता खरा."

"मग दुरुस्त कर ना!"

"ता दुरुस्तच आसा."

बाजूला बाबलीकाका बाटल्या धूत होते, त्यांना खोकल्याची उबळ आली. हसण्याचीच असावी. मी रोज नेमाने त्या घड्याळावरून प्रीतमला टोमणे मारायची. घड्याळजी कसले, साधं एक घड्याळ वेळेवर ठेवता येत नाही! तो नुसता ऐकून घ्यायचा, आणि मान खाली घालून हसायचा.

एप्रिलमध्ये त्याने मला एक गंमत करून दिली. जुन्या मनगटी घड्याळाची फुगीर काच, पितळी कड्यात बसवलेली, त्याला छत्रीच्या काडीचा दांडा. "वरसून हळूच ठेव," तो म्हणाला. "घुमटीत देव बसतत तशी दोघांय आत बसतली."

त्या रविवारी तो माझ्याबरोबर खाडीवर आला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, चपला हातात. वाऱ्याला काजूच्या बोंडांचा आंबूस वास होता. तासभर आम्ही शेजारी शेजारी वाकून बसलो, आणि खरंच… ती दिसली! ठिपकेवाला नाचत होता. एक पाय वर, मग दुसरा, चिखलाच्या ओल्या आरशात त्याचं नाचणं उलटंही दिसत होतं. आणि ती समोर, स्तब्ध.

मी श्वास रोखून काच खाली नेली. पितळेचं कडं उन्हात लखलखलं, आणि दोघंही क्षणात गायब.

मग माझा तोल सुटला. मावशी मला मिरची म्हणते ते उगाच नाही. "एवढं चकाकणारं कडं लावतात? डोकं आहे का? माझा अख्खा मोसम गेला! तुम्ही आपली घड्याळं सांभाळा… तीसुद्धा धड चालत नाहीत!"

तू नाही, तुम्ही. माझं मलाच ऐकू आलं, पण तोंडातून गेलेलं परत कुठे घेता येतं?

त्याने काच खाडीच्या पाण्यात धुतली, शर्टाला पुसली, खिशात ठेवली. "चुकला माझा," एवढंच म्हणाला आणि चपला घेऊन चालू लागला. मी थांबवलं नाही.

*

दुकानात जाणं मी बंद केलं. खाडीवर जायची ती पहाटेच्या सुकतीला, आणि दुपारी घरात माश्यांना चिठ्ठ्या लावत बसायची. मे उजाडला. सरांचा फोन आला, कोलकात्याचं ठरलं म्हणून. मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवून उगाचच उशीचे अभ्रे धुवायला काढले.

"काय गो," मावशी एका संध्याकाळी म्हणाली, "तो घड्याळजी रोज माज्याकडे येता. सौंदाळे बघता, बांगडे बघता, भाव इचारता. आणि घेता काय? काय्येक नाय!"

"मग घासाघीस करत असेल."

मावशीने माझ्याकडे असं बघितलं की बस. "येवढा शिकान काय उपयोग गो तुजो!"

त्याचं भिंग अजून माझ्याकडेच होतं. जाण्याआधी परत करायला हवं, म्हणून मी दुसऱ्या दिवशी दुपार उतरताना बाजारात गेले. भिंग द्यायचं, आभार मानायचे, निघायचं. वाटेत दोनदा पाठ केलं.

दुकानात प्रीतम नव्हता. त्याच्या स्टुलावर बाबलीकाका बसले होते, वर्तमानपत्राने वारा घेत.

"प्रीतम खंय?"

काका उत्तर देणार तेवढ्यात ते शिसवी घड्याळ खरखरलं आणि ठोके द्यायला लागलं. बाकीची सगळी घड्याळं चार दाखवत होती, आणि हे ठोके देत होतं बारा! त्याच वेळी माझ्या हातातला फोन वाजला. ओहोटीच्या वेळापत्रकावरून लावलेला, दुपारच्या सुकतीचा गजर. मी तो बंद करायचा विसरले होते.

"चला, बारा वाजले," काका म्हणाले. "आता तो चिखलात असतलो."

"कोण?"

"आणखी कोण? ह्या घड्याळात बारा वाजूक इले की दुकान माज्यार टाकता आणि पळता खाडीर. रोजचा. माशी हुडकूक! तेचा भिंग कोणीतरी न्हेलला आसा म्हणे, डोळे फोडून घेता नुसते."

मी त्या घड्याळाकडे बघत राहिले. सुकती रोज थोडी उशिरा येते. ते घड्याळही रोज तेवढंच मागे पडायचं. लंबक लांबवून, रोज ऐकून, जुळवून जुळवून त्याने ते सुकतीला बांधलं होतं. त्यात बारा वाजले की समजायचं, माझा चिखल उघडा पडला. भिंतीवर, माझ्या डोळ्यांसमोर, दोन महिने… आणि मी त्याला मागे पडलेलं म्हणत होते!

माशीच्या पायावरचा केस ओळखणारी मी. कोणता नर कोणता पाय कसा उचलतो, यावर पानंच्या पानं लिहिणारी मी. स्क्रू बसेपर्यंत आपलं भिंग देणारा, उद्या या म्हणणारा, मालवणीवर येणारा, भाव विचारून मासे न घेणारा हा माणूस मला ओळखता आला नाही. लाज वाटली हो. आणि लाजेच्या मागोमाग असं काही उसळून आलं की मी काकांच्या पुढ्यातला भरलेला सोडा न विचारता घटाघटा प्यायले.

"पैसे रवांदेत," काका म्हणाले. "तू आधी धाव."

*

तो कांदळाच्या मुळांपाशी उकिडवा बसला होता. हातात ती काच. पितळेचं कडं दिव्याच्या काजळीने काळंभोर केलेलं. माझी चाहूल लागली तशी त्याने न वळताच एक बोट वर केलं. गप्प!

मी पावलं मोजून टाकत शेजारी जाऊन बसले. भिंग त्याच्यापुढे धरलं. त्याने माझ्याकडे बघितलं, मग भिंगाकडे, आणि मान हलवून ते माझ्याच डोळ्याकडे सरकवलं. बघ, तूच बघ.

मुळाच्या बुडाशी, ओल्या चिखलावर, ठिपकेवाला नाचत होता. खाडी इतकी शांत होती की पलीकडच्या काठावरचं माडांचं वन पाण्यात जसंच्या तसं उतरलं होतं. चंदेरी ठिपका वर जायचा, खाली यायचा. पंख थरथरायचे. तो डावीकडे सरकला, उजवीकडे सरकला, पुन्हा समोर आला. आणि ती… मी मनात म्हणत होते, उडू नकोस गं बाई, उडू नकोस.

ती उडाली नाही. तो पुढे झाला, तिच्यापाशी पोचला, तरी उडाली नाही.

"तू ठेव," प्रीतम ओठांनीच म्हणाला आणि दांडा माझ्याकडे केला. गेल्या वेळी माझ्याच हातून दोघं उडाली होती. मी मान हलवली. मग आम्ही दोघांनी मिळूनच धरला तो, त्याच्या बोटांवर माझी बोटं. काच हळूहळू खाली गेली. काहीही लखलखलं नाही.

काचेखाली दोघंही होती. त्यांना पत्ताच नव्हता.

"मिळाली…" मी म्हटलं, आणि चक्क रडायला लागले. तो गडबडला. खिसे चाचपले, रुमाल सापडला तो तेलाचा. मी त्यालाच नाक पुसलं.

"आता मारतलंस त्यांका?" त्याने हळूच विचारलं.

"हो," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू? "पण एकाच कुपीत ठेवणार. जोडीने मिळालेली आम्ही कधी वेगळी करत नाही. एक कुपी, एक चिठ्ठी. शंभर वर्षांनी कोणी पेटी उघडली तरी ती एकत्रच असतील."

"बरा आसा," तो म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "बरा आसा ता."

कुपी पिशवीत गेली. ऊन पाण्यावर तिरकं झालं. आम्ही उठून उभे राहिलो, पण निघालं कोणीच नाही.

"म्हणजे आता कलकत्ता नाय?"

"नाही. इथेच. दोन वर्षं."

त्याने इतका मोठा श्वास सोडला की मुळांवरचा खेकडा बिळात पळाला.

"प्रीतम… ते घड्याळ चुकत नव्हतं."

"नाय."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगी होतंय मां! दोन महिने सांगी होतंय. तू म्हणा होतंस, दुरुस्त कर!"

मी हसले. तो नाही हसला. पायाच्या अंगठ्याने चिखलात रेघ ओढत राहिला.

"अक्षया, माका बोलूक जमणा नाय. माका घड्याळां येतत, बस. माज्या पायार चंदेरी ठिपको नाय. दुकान तर तू बघितलंसच… बोळ. आणि तू शिकलेला चेडू. पण तू जातलंस म्हटल्यार माका रवाक जमणा नाय. म्हणान इचारतंय." त्याने एकदाच वर बघितलं. "आवडला नाय तर काय बोलू नको. नुसती जा. माका कळतला."

इतकं सगळं तो एका दमात बोलला. खाडीच्या तोंडाकडून वारा आला, आणि वाऱ्याच्या मागून पाणी. भरती लागली होती. आधी मुळांच्या भोवती चमकणारी एक बारीक ओळ, मग ती ओळ आमच्या पावलांपाशी आली.

बोलण्यासारखं माझ्याकडे खूप होतं. मला शब्दांची टंचाई कधीच पडलेली नाही, विचारा मावशीला. पण मी काही बोलले नाही.

"भरती येता," तो म्हणाला.

मी उभी.

"अक्षया… पाणी चढता. भिजतलंस गो."

पाणी घोट्यावर आलं. गार, मऊ. चिखलावरच्या सगळ्या माश्या एक एक करून उडून चालल्या होत्या. त्याने त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्या पायांकडे, मग माझ्याकडे. आणि त्याला आठवलं. अगदी हळूहळू, तोंडभर आठवलं ते त्याला.

पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं, तरी मी जागची हलले नाही.